दोन कड्यांचं पिंप

"बॅटरी जरा खाली धरा, आजी. आणि हात हलवू नका."

माझा हात कधी हलत नाही. हलत असेल तर तो बॅटरीचा उजेड. पण सिस्टरशी वाद घालायची ती वेळ नव्हती. ती ह्यांच्या कमरेशी वाकली होती, आणि तिच्या हातातली कापूस गुंडाळलेली काडी ह्यांच्या माकडहाडावरच्या जखमेत शिरत होती. मागच्या खेपेला जिथं थांबली होती तिथं ती थांबली नाही. सिस्टरने काडीवर अंगठ्याच्या नखाने खूण धरली, काडी बाहेर काढली, उजेडात पाहिली.

"वाढलंय," ती म्हणाली.

"कुठं? मला तर तेवढंच दिसतंय."

"वरून तेवढंच आहे. आत गेलंय."

हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. झटका आला तेव्हा उजवं अंग गेलं, वाचा गेली. कान मात्र जागचे जागी आहेत. म्हणून आम्ही त्यांच्या उशाशी हळू बोलतो. म्हणजे घरातले बाकीचे बोलतात. मला हळू बोलता येत नाही हे साऱ्या गल्लीला माहीत आहे.

"कूस बदलता ना?" सिस्टरने विचारलं. मला नाही, माझ्या सुनेला. सून दारात गरम पाण्याचं भांडं घेऊन उभी होती.

"बदलते."

"दर दोन तासांनी?"

"हो."

"रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा."

"मग हे वाढायला नको होतं." सिस्टरने हातमोजे काढले आणि एकात एक घालून गोळा केला. "ती हवेची गादी तुम्ही परत का केलीत?"

ह्याचं उत्तर सुनेने द्यायचं नव्हतं, मी द्यायचं होतं. हवेची गादी भाड्याने आणली होती. तिची मोटार दिवसरात्र घुरघुरायची आणि हे डोळे उघडे ठेवून छताकडे बघत राहायचे. मी म्हटलं, ज्या माणसाने उभा जन्म फोम कापला, गावभर लोकांना गाद्या पुरवल्या, त्याला त्याच्याच घरात वाऱ्यावर झोपवायचं? न्या ती परत. लेकाने कारखान्यातून फोमची नवी गादी करून आणली. चांगली जाडजूड, नजर लागावी अशी.

"आता मिळेल का ती?" मी विचारलं.

"गेली दुसऱ्याकडे. आठवडाभर तरी नाही." सिस्टरने पिशवी खांद्याला लावली. मग मला दाराबाहेर घेऊन गेली आणि आवाज उतरवून म्हणाली, "परवा येते. तोवर आणखी आत गेलं तर मी घरी ठेवा म्हणू शकणार नाही. हाडाला लागलं की दवाखाना. तिथं खराब झालेलं मांस काढतील, मग पुढचं पुढं."

ती गेली. मी तिथंच उभी राहिले, बॅटरी पेटलेलीच.

दवाखान्यात होते तेवढे सगळे दिवस ह्यांनी तोंड मिटून घेतलं होतं. नाकात नळी घालून पोटात दूध सोडायचे. घरी आणलं त्या संध्याकाळी मुंगीने पेजेचा चमचा ओठाला लावला आणि ओठ उघडले. डॉक्टरांनी निघतानाच सांगितलं होतं, पुन्हा आणायची वेळ येऊ देऊ नका, हे शरीर दुसरा फेरा काढणार नाही. तेव्हा 'दवाखाना' म्हणजे काय ते मला कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती.

मुंगी म्हणजे माझी सून. आईबापांनी नाव चांगलं ठेवलं होतं तिचं, पण आता ते कागदावर राहिलं आहे. लग्न होऊन आली त्या दिवशी तिची लोखंडी ट्रंक जिन्यात अडकली. बाप्ये मंडळी कोण उचलणार यावर चर्चा करत होती, तोवर ही नवरी पदर खोचून ट्रंक वर घेऊन आली. हे म्हणाले, "ही मुंगी आहे. स्वतःच्या दुप्पट वजन नेते आणि आवाज करत नाही." तेव्हापासून मुंगी. सकाळी स्वयंपाक, दुपारी कारखान्यात फोमचे तुकडे चिकटवणं, संध्याकाळी पुन्हा चूल. माझे गुडघे गेल्यापासून माझंही तिच्याकडेच. ह्यांचं तर सगळंच. तिने कधी मान वर करून 'नाही' म्हटल्याचं मला आठवत नाही. कधी तक्रार नाही, कधी भांडण नाही. माझ्यासारखीला असं माणूस फार जड जातं. बंद दाराशी किती वेळ भांडणार?

त्या दिवशी मात्र मी भांडले.

"खरं सांग," मी स्वयंपाकघरात तिच्या मागे जाऊन उभी राहिले. "रात्री उठतेस?"

"उठते, आई."

"एखादवेळी डोळा लागत असेल. माणूस आहेस, लागायचाच."

"लागतो. पण वेळ झाली की जाग येते."

"घड्याळ गिळलंयस का?"

ती भांडी घासत राहिली.

"तू उठतेस, तू वळवतेस, तू सगळं करतेस. मग ते भोक काय मी पाडलं? की ह्यांनी स्वतःच्या हाताने पाडलं?"

"मी दुपारीही करते ना, आई. तुम्ही झोपलेल्या असता तेव्हा."

म्हणजे बघा. इतक्या वर्षांत एक वाक्य मोठं बोलली, आणि त्यातही माझ्या झोपेवर बोट. मी म्हटलं, "आज नाही झोपणार. आज मी बसते तिथंच. बघते तुझं वळवणं."

"बसा," ती म्हणाली. एवढंच.

ह्यांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून मी बसले. हे छताकडे बघत होते. डावा हात पांघरुणावर. ह्या हाताचा पंजा पहिल्यापासून रुंद, बोटांची टोकं चपटी. फोम कापणाऱ्या माणसाचं सगळं ज्ञान पंजात असतं. तुकडा कापला की हे त्यावर पंजा ठेवायचे, दाबायचे, सोडायचे आणि तो किती वेळात वर येतो ते बघायचे. पसंत पडला तर काही बोलायचे नाहीत. नाही पडला तर माझ्याकडे बघायचे, जसा काही मीच बिघडवला.

मी त्यांना म्हटलं, "तुमची लाडकी सून काय करते ते बघायला बसलेय."

ह्यांनी डोळे मिटले. बोलता येत असतं तर म्हणाले असते, तुझ्या जिभेवर पण एक बाण काढायला हवा, कुठल्या दिशेने सुटते ते तरी कळेल. हे त्यांचं नेहमीचं होतं. बाणाचं सांगते पुढे.

वेळ झाली आणि मुंगी आली. हाक मारावी लागली नाही. हात पुसले, ह्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, कूस बदलायचीय हं." एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. पण नुसत्या हातांनी तिला ओढवत नाही. मुंगी झाली तरी मूठभर बाई, आणि हे अजून हाडापेराने मोठे. म्हणून तिने डावा गुडघा पलंगाच्या कडेवर टेकला, श्वास घेतला आणि ओढलं.

मी तिच्याकडे बघायला बसले होते आणि दिसला मला तिचा गुडघा.

आधी तो फोमवर नुसताच राहिला. लाकडावर ठेवावा तसा. फोम दबला म्हणून नाही. मग तिने जोर लावला आणि गुडघा एकदम खाली गेला. धप्पकन. पायरी चुकल्यावर पाय जातो तसा.

"थांब," मी म्हटलं.

"आई, अर्धवट सोडू कशी? पडतील."

"मग पुरं कर. आणि मग हलू नकोस."

तिने ह्यांना कुशीवर केलं, पाठीला उशी लावली. मी तिला पायथ्याशी आणलं, जिथं ह्यांचे पाय पोचत नाहीत. चादर वर केली. "आता गुडघा टेक. हळू. आणखी जोर दे."

पुन्हा तेच. ताठ, ताठ, आणि मग धप्प. मी स्वतःचा पंजा ठेवून दाबला. जोर लावला तशी मनगटाला कळ आली, आणि मग माझी बोटं थेट फळीला जाऊन लागल्यासारखी वाटली. चांगला फोम असं करत नाही. चांगला फोम पहिल्यापासून थोडा थोडा देतो.

"ह्यांचा कामाचा सदरा कुठाय?"

"खुंटीवर. तुम्ही धुवू दिला नाहीत."

"खिशात खडू असेल. आण."

खडू होता. ह्यांच्या खिशात नसेल तर कुठं असणार. मी गादीच्या उघड्या बाजूवर आडव्या रेघा ओढल्या, एकाखाली एक, चौथीच्या वहीत असतात तशा. माझी शाळा तिथंच संपली, त्यामुळे त्या रेघा मला चांगल्या आठवतात. मग कशीबशी जमिनीवर बसले. गुडघ्यांनी शिव्या घातल्या, त्या ऐकल्या नाहीत.

"दे जोर."

मुंगीने जोर दिला. वरच्या रेघा खाली आल्या, पण आल्या त्या सगळ्या मिळून, आपापसातलं अंतर राखून. खालच्या रेघा जागच्या हलल्या नाहीत. मधल्या दोन रेघा मात्र एकमेकींत शिरल्या. शिरल्या म्हणजे एकच झाल्या. सगळी गादी शाबूत आणि मध्ये एक पट्टा मेलेला.

"हे काय, आई?" मुंगीने वाकून विचारलं.

काय ते मला दिसत होतं. फोम म्हणजे भोकं. सगळ्यांना वाटतं फोम म्हणजे तो मऊ पदार्थ. तो अगदी थोडा असतो, भोकांमधल्या काड्यांपुरता. ह्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी फोमचा पातळ काप खिडकीशी धरून दाखवला होता. म्हणाले, बघ, दोन भोकं सारखी नाहीत, एकही काडी सरळ रांगेत नाही. म्हणून वरचं वजन सगळ्यांवर सारखं येतच नाही. एखादीवर डोंगर येतो आणि तिच्या शेजारची नुसती उभी असते. ज्या थरात भोकं मोठी आणि काड्या लांबुडक्या, तिथली एक मोडते, तिचं ओझं शेजारणीवर, मग ती मोडते. असा तो अख्खा थर बसतो, आणि वरखालच्यांना पत्तासुद्धा नसतो.

तो थर ह्यांच्या कमरेखाली बसला होता. पाठ आणि पाय ताठ फोमवर, आणि सगळ्यात जड भाग त्या खड्ड्यातून थेट फळीवर. मुंगीने दहा वेळा वळवलं असतं तरी पाठीवर आले की माकडहाड पुन्हा त्याच जागी.

मुंगीने त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे माझं वळवणं चुकत नव्हतं?"

"बडबड पुरे," मी म्हटलं. "हात दे, मला उठव. आणि माझ्या चपला कुठंत?"

कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. महिनोन्महिने मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. लेक कापणीच्या यंत्रापाशी होता. मला बघून त्याने यंत्र बंद केलं.

"आई? बाबा बरे आहेत ना?"

"आहेत तसे आहेत. ती गादी तू कशी केलीस?"

"म्हणजे? सगळ्यात जाड माल घातला. काट्यावर ठेवून बघितली, आई. वजन बरोबर भरलं, उलट थोडं जास्तच."

"काट्याला भोकं दिसतात का?"

मी त्याला मधल्या पट्ट्याचं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. मग त्याने कोपऱ्यातल्या पिंपाकडे बघितलं, आणि मीही बघितलं.

ते पिंप आमच्या लग्नाच्या आधीचं आहे. त्याला दोन बाजूंना दोन कड्या. त्यात दोन रसायनं एकत्र घुसळतात, आणि घुसळलं की पाठ खाजवायलासुद्धा वेळ नसतो. लगेच उचलून लाकडी पेटीत ओतायचं, एका दमात. कारण ते ओतता ओतताच फुगायला लागतं. पहिली कितीतरी वर्षं एक कडी ह्यांच्या हातात आणि दुसरी माझ्या. मग लेक मोठा झाला, माझी कडी त्याने घेतली.

"तू एकट्याने ओतलंस," मी म्हटलं.

"दोनदा." तो खाली बघत होता. "निम्मं निम्मं. भरलेलं पिंप एकट्याला उचलत नाही, आई. पहिलं ओतलं, ते वर यायला लागलं, धावत दुसरं घुसळून आणलं आणि त्यावर ओतलं."

"आणि जोडावर मोठी भोकं पडली."

"कापल्यावर एक बारीक रेघ दिसली. मला वाटलं वजन बरोबर आहे ना, मग झालं." त्याने पिंपाची कडी हातात घेतली आणि सोडली. "दुसऱ्या दिवशी हवेची गादी परत जायची होती. तू बाबांपाशी, मुंगी त्यांची कूस बदलत होती. मी कुणाला हाक मारणार होतो? दुसरी कडी कोण धरणार होतं?"

तो फोमच्या कातरणांच्या ढिगावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. केस पिकायला लागलेत त्याचे, पण बसला तो शाळेत मार खाऊन आल्यावर बसायचा तसा.

"म्हणजे मीच केलं ते बाबांना."

मला दोन शब्द मऊ बोलता आले असते तर बरं झालं असतं. पण नसलेली वस्तू कुठून आणणार. "रडायचं नंतर बघू," मी म्हटलं. "पेटी पूस. नवा कागद लाव. परवा सिस्टर यायच्या आत गादी पलंगावर पाहिजे."

"आत्ता? मग पिंप—"

"मी धरते."

"आई, तुला झेपायचं नाही ते."

"तू नऊ महिने झेपलास. हे पिंप काय लागून गेलंय."

तो हसला नाही, पण उठला.

घुसळायचं यंत्र थांबलं तसा तो म्हणाला, "चल," आणि मी कडी धरली. खांद्यातून काहीतरी सुटतंय असं वाटलं. दोन पावलं गेल्यावर माझी बाजू खाली जायला लागली. तो ओरडला नाही. ह्यांच्यासारखा नुसता म्हणाला, "वर. वर." मी दात आवळले. पेटीच्या कडेला पिंप टेकवलं आणि तिरकं केलं. सगळं एका धारेत गेलं.

मग बघत उभं राहायचं. ह्या वेळी बोलायचं नाही, पेटीला धक्का लावायचा नाही, दार आपटायचं नाही. आधी नुसतं पांढरं पडलं. मग दूध उतू येतं तसं वर चढायला लागलं, कुठं पुढं, कुठं मागं. एका कोपऱ्यात मोठा फुगा आला. हे सुद्धा असंच बिघडलं तर? पुन्हा घुसळायला रसायन होतं, पण वेळ नव्हता. फुगा फुटला आणि फोम त्यावरून वर गेला. पेटीच्या काठाशी येऊन थांबला, आणि वरच्या सालीवर बारीक बारीक बुडबुडे फुटले. ह्यांचा शब्द आहे, फोमने सुस्कारा सोडला. सुस्कारा सोडला की समजायचं आतली भोकं एकमेकांना उघडली.

"बाण," मी म्हटलं.

हा तो बाण. फोम ज्या दिशेने फुगला त्या दिशेने ठोकळ्यावर खडूने बाण काढायचा. भोकं त्या दिशेने लांबट होतात, अंड्यांसारखी, उभी. बाण उभा ठेवून दाबलं तर फोम ताठ लागतो. बाण आडवा पाडला तर तोच फोम मवाळ. हे प्रत्येक ठोकळ्यावर बाण काढायचे, कापला की प्रत्येक तुकड्यावर पुन्हा काढायचे. लोक हसायचे त्यांना. हे पडल्यापासून शेडमधल्या एकाही ठोकळ्यावर बाण नव्हता. लेकाने खडू घेतला आणि पेटीची बाजू उघडल्यावर ठसठशीत बाण काढला.

पण ठोकळा आतून तापलेला असतो. सकाळपर्यंत त्याला हात लावता येत नाही. ती रात्र ह्यांना त्या जुन्या गादीवरच काढायला लागणार होती. आम्ही गोधड्यांच्या घड्या करून मांड्यांखाली आणि पाठीखाली घातल्या, कंबर अधांतरी राहील अशी. मुंगीने त्या रात्री पाठीवर एकदाही येऊ दिलं नाही. मी माझ्या खोलीत जागी होते. कितीदा तिची पावलं वाजली ते मोजलं नाही. एरवी मला झोप लागलेली असते, त्यामुळे ती पावलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

सकाळी लेकाने ठोकळा यंत्रावर घेतला. सवयीने बाण उभा.

"आडवा पाड," मी म्हटलं. "ह्यांना ताठ नकोय."

"मग पेटीच्या तळाकडची बाजू पलंगाच्या एका अंगाला येईल, आई. ती घट्ट असते."

"ती भिंतीकडे. तिकडे कोण झोपतंय?"

त्याने कापलं. मी खडूने रेघा ओढल्या आणि त्याला त्यावर पालथा पाडलं. सगळ्या रेघा एकमेकींच्या थोड्या थोड्या जवळ आल्या, लोहाराच्या भात्याच्या घड्या मिटतात तशा. एकही मेली नाही. तरी मी दोन जागा बदलून त्याला पुन्हा पाडलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "आई, आता मलाच झोप यायला लागली."

तिघांनी मिळून गादी बदलली. ह्यांना वर घेतलं तेव्हा ते डोळे घट्ट मिटून होते, उचललं की त्यांना दुखतं. मग डोळे उघडले. डावा हात पांघरुणातून निघाला, गादीच्या कडेशी गेला. पंजा ठेवला. दाबला. सोडला. थांबले. पुन्हा एकदा दाबला.

आम्ही तिघं त्या पंजाकडे बघत.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हात पोटावर घेतला आणि डोळे मिटले.

"पसंत आहे," मी म्हटलं. लेक तडक शेडमध्ये निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली. मी बॅटरी धरली. काडी आत गेली. मी काडीकडे बघत नव्हते, सिस्टरच्या कपाळाकडे बघत होते, तिथं आठी पडते का ते. तिने नखाने खूण धरली, उजेडात पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"वाढलं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे भरून येतंय?"

"असं मी म्हणत नाही, आजी. वाढलं नाही, एवढंच. कडा जरा बऱ्या दिसतायत." तिने गादी हाताने दाबून बघितली. "हवेची मिळाली नाही ना?"

"ही आमची आहे."

"बरी आहे. पण गादी कितीही चांगली असली तरी कूस बदलणं सुटता कामा नये. एक पाळीसुद्धा." हे ती मुंगीकडे बघून म्हणाली, आणि मुंगीने मान डोलावली. "परवा परत बघू. तोवर राहू दे घरी."

परवा. म्हणजे आमच्या पदरात आणखी दोन दिवस पडले. त्या पुढचं कुणाला माहीत. सिस्टर गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "ऐकलंत ना? घरीच आहात." ओठांचा डावा कोपरा जरासा हलला. हसू होतं की काय, मला सांगता येणार नाही.

दुपारी मी खोलीबाहेर आले तर मधल्या वाटेत ती जुनी गादी अंथरलेली. लेकाने तुकडे करायला म्हणून भिंतीला उभी लावली होती. तीच खाली पाडून मुंगी तिच्यावर झोपली होती. अंगावर काही घेतलेलं नव्हतं. एक हात डोक्याखाली, हाताला अजून भांडी घासायची राख. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. ह्यांच्या दाराकडे तोंड.

मी म्हणणार होते, वाटेत कोण झोपतं. तोंड उघडलंही होतं.

गादीच्या बाजूवर मी ओढलेल्या रेघा तशाच होत्या. वरच्या रेघा एकमेकींपासून छान दूर. खालच्याही. सगळं वजन मधल्या त्या एका पट्ट्यावर जाऊन बसलं होतं. तिच्या कमरेखाली दोन रेघांची एक झाली होती.

मी घड्याळाकडे बघितलं. वेळ झाली होती.

माझ्या चपलेचा आवाज झाला असावा. तिने डोळे न उघडताच विचारलं, "आई, वेळ झाली का?"

"नाही झाली," मी म्हटलं. "झोप गुमान."

चपला मी तिथंच काढल्या. आत जाऊन ह्यांच्या कानाशी वाकले. "कूस बदलायचीय," मी म्हटलं, माझ्याकडून होईल तेवढ्या हळू आवाजात. "आज मी आहे. सांभाळून घ्या."

ह्यांनी डाव्या हाताने पलंगाचा गज धरला. मी एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि कडेवर गुडघा टेकला. फोमने तो हळूहळू आत घेतला.